आतोबा आणि कुत्र्यांची तोंडे

महाडच्या बाजारपेठेपासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत असा एकही कुत्रा नसेल, की ज्याच्या तोंडात माझ्या आतोबांचा हात गेलेला नाही. हे वाक्य मी पुष्कळ विचार करून लिहीत आहे. 'सर्व' आणि 'एकही नाही' हे शब्द जपून वापरावेत, त्यांना खोटे पाडायला एकच उदाहरण पुरते, असे आमचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक नेहमी सांगतात. म्हणून मागल्या वर्षीच्या सुट्टीत मी मुद्दाम असे उदाहरण शोधायला निघालो. पोलादपूरच्या नाक्यावर एक अगदी नवखा कुत्रा दिसला. त्याच्या एका कानावर पांढरा ठिपका होता आणि चालताना तो जरा बिचकत होता. मी घरी येऊन आतोबांना त्याचे वर्णन सांगितले. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तो व्हय? लोहारे गावचा हाय तो. उजवी दाढ हलतेय त्याची. परवा बोट घालून बघितली." तेव्हा वरचे वाक्य आहे तसेच राहू देतो.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमचे घर वर कुडपणला. तिथे तेव्हा शाळा नव्हती, म्हणून मी लहानपणी पोलादपूरजवळ आत्याच्या वाडीत राहून शिकलो, पुढे महाडला गेलो आणि आता पुण्यास कॉलेजात आहे. मी त्यांना आतोबा म्हणत असे, ते ऐकून ऐकून सारी वाडीच त्यांना आतोबा म्हणू लागली. पाटीलसुद्धा म्हणत, आणि पाटील तर त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे. आतोबांची शेती बेताची होती, पण ख्याती मोठी होती, आणि ती होती बैलांच्या दातांची. आमच्याकडे बैल घ्यायचा म्हणजे आधी त्याचे तोंड उघडून बघतात. दोन दात आले असतील तर तो दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात सारखे झाले की जुळलेला. विकणारा हमखास वय चोरतो. अशा वेळी घेणारा आतोबांना घेऊन जाई. आतोबा बैलाचा खालचा ओठ असा खाली ओढत, जशी काही खिडकीची फळी उघडत आहेत, आणि आत क्षणभर बघून म्हणत, "ह्यो चार वर्षांचा? मंग मी सोळा वर्षांचा." बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, हेसुद्धा मला आतोबांनीच दाखवले. मी बैलांच्या घरात जन्मलो आणि वाढलो, पण मला ते ठाऊक नव्हते.

बैलांवरून ते कुत्र्यांकडे कसे वळले, हे मी त्यांना एकदा विचारले होते. त्यांनी उत्तर दिले ते मी पाठ करून ठेवले आहे. "बैलाला गिऱ्हाईक हाय, म्हणून त्याचं तोंड चार माणसं उघडतात. कुत्र्याला गिऱ्हाईक नाय, म्हणून त्याचं तोंड कोण उघडीत नाय. त्याचं दुखत असंल तर त्यानं सांगायचं कोणाला?" हा प्रश्न त्यांना खरोखरच पडलेला होता. कुत्र्याची हिरडी सुजते, दातांवर पिवळे पापुद्रे चढतात, दाढेखाली पू होतो, आणि तो बिचारा भाकरीपाशी जाऊन नुसता वास घेऊन परततो. लोक म्हणतात, माजलाय. आतोबा म्हणत, "माजला नाय, दाढ दुखतेय." मग ते उकिडवे बसत, डाव्या हाताने त्याचा जबडा धरत, अंगठा सुळ्याच्या मागे सरकवत आणि उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळून ती आत फिरवत. औषधे त्यांच्या कनवटीला असतच. तुरटी, मीठ, कात, बाभळीच्या सालीची पूड. कुत्रा गुरगुरू लागला की आतोबा त्याच्याशी बोलू लागत. "झालं, झालं. आता येवढी मागची बघू दे. अरे, माझ्या सासऱ्यानं येवढा आरडाओरडा केला नव्हता." त्यांचे सासरे म्हणजे माझे आजोबा. त्यांचाही दात आतोबांनी एकदा काढला होता, असे म्हणतात.

अर्थात सगळेच कुत्रे ऐकून घेत नसत. आतोबांच्या दोन्ही हातांवर दातांच्या खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेला गावाचे नाव होते. मनगटावरची कापड्याची, तळव्यावरची तुर्भ्याची, आणि करंगळीचे अर्धे नख गेले होते ते आमच्या कुडपणचे. "कुडपणचा कुत्रा कडू," असे ते मला चिडवून म्हणत, "तुमची माणसंबी तशीच. पण दात काय लोखंडी हायेत! वाळलेली नाचणीची भाकर खातात ना. महाडचे कुत्रे बघ, पेठेत शेवबुंदी खातात नि तिसऱ्या वर्षी बोळके होतात." कुत्र्याला शिळी, कडक भाकर द्यावी, गरम भात देऊ नये आणि कोंबडीचे हाड तर मुळीच देऊ नये, हे त्यांचे तीन नियम होते. लग्नाच्या पंगतीत ते जेवायला बसले की यजमान पत्रावळी उचलणाऱ्यांच्या मागे धावत, कारण उष्टी कुठे टाकली जातात हे पाहायला ते अर्ध्या जेवणातून उठत.

माणसांची ओळखही ते कुत्र्यावरूनच ठेवत. "तो नाय काय, ज्याच्या कुत्र्याचा खालचा सुळा मोडलाय," असे ते म्हणाले की समोरच्याने ओळखायचे, की ही गोष्ट पोलादपूरच्या अमुक वाण्याची चालली आहे. आमच्या चुलत बहिणीसाठी स्थळ बघायला त्यांना एकदा पाठवले होते. परत आल्यावर सगळ्या बायका भोवती जमल्या. मुलगा कसा आहे, मुंबईत कुठल्या गिरणीत आहे, घरी माणसे किती? आतोबांनी शांतपणे सांगितले, "पोरगा बरा हाय. वरच्या हिरड्या जरा सुजल्यात, पण मिठाच्या पाण्यानं बसतील. कुत्रा मात्र उत्तम सांभाळलाय. घर चांगलं हाय, पोरगी द्या." पोरगी दिली. ती सुखात आहे. यावरून काय सिद्ध होते, हे मला अजून सांगता येत नाही.

महाडच्या एका मोटारवाल्या चाचांशी त्यांची विशेष दोस्ती होती. चाचांची मोटार महाड ते पोलादपूर चाले, आणि त्यांचा वाघ्या नावाचा कुत्रा पुढच्या बाजूला त्यांच्या पायाशी बसे. मोटार पोलादपुरास थांबली की आतोबा पुढे होऊन वाघ्याचे तोंड उघडत आणि निवांत बघत बसत. मागे उतारू घामाने निथळत असत. एकदा चाचा काकुळतीला येऊन म्हणाले, "आतोबा, पाशिंजर बसलेत हो. पुढच्या खेपेला बघा ना!" आतोबा तोंडातून नजर न काढता म्हणाले, "पाशिंजर थांबतील. कीड थांबायची नाय." आणि खरोखरच सगळे उतारू थांबले. त्यांतले दोघे तर खाली उतरून बघायला आले, आणि एकाने हळूच स्वतःचेही तोंड उघडून दाखवले.

रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत एक बारा वर्षांचा कुत्रा आहे आणि त्याचे सगळे दात शाबूत आहेत, असे कुणीतरी सांगितले, तेव्हा आतोबा शिदोरी बांधून दोन दिवस पायी चालत त्याला बघायला गेले. परत आले ते तीर्थयात्रा करून आल्यासारखे प्रसन्न होते. मी विचारले, "आतोबा, मग रायगडावर गेला असालच?" ते चकित होऊन म्हणाले, "गडावर? गडावर कुत्रा हाय काय?"

माझ्या इंग्रजीची परीक्षाही त्यांनीच घेतली होती. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पोलादपूरला उभा होतो. महाबळेश्वरला चाललेली एका साहेबाची मोटार पाण्यासाठी थांबली. आत एक मडम होती आणि तिच्या मांडीवर कुरळ्या केसांचे एक कुत्रे होते. काय होते आहे हे मला कळायच्या आतच आतोबांनी खिडकीतून हात घालून त्याचा ओठ वर केला होता. मडम किंचाळली. आतोबा मला म्हणाले, "तिला सांग, बिस्कुटं बंद कर. हिरडी सुजलीय." मी पुढे झालो. माझा कोट नवा होता. इंग्रजीत मला तीन कविता पाठ येत होत्या, पण हिरडीला काय म्हणतात तो शब्द येईना. तो कुठल्याही कवितेत आलेला नव्हता. शेवटी मी स्वतःचा ओठ वर करून हिरडीवर बोट ठेवले आणि नंतर कुत्र्याकडे दाखवले. मडमेने फार दयाळूपणे माझ्याकडे पाहिले, पिशवीतून एक पांढरी गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आतोबांनी तिचा वास घेतला आणि म्हणाले, "खाऊ नकोस."

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळे लिहायला बसलो आहे, तो लिहितो. त्यात माझी बाजू चांगली नाही, म्हणून इतका वेळ इकडचे तिकडचे सांगत होतो.

आतोबांच्या स्वतःच्या कुत्र्याचे नाव हौशा. तांबूस, रुंद छातीचा, आठ वर्षांचा. एका मे महिन्यात, मी सुट्टीला आलो असताना, त्याचीच डावी हिरडी सुजली. सगळ्या तालुक्याचे दात बघणाऱ्या माणसाच्या घरी हे व्हावे, याचे आतोबांना इतके वाईट वाटले, की आठ दिवस त्यांनी ही गोष्ट वाडीत कुणाला सांगितली नाही. दाढ काढायला हवी होती, पण सूज असताना ओढली तर विष पसरते, असे त्यांचे मत होते. म्हणून ते रोज तुरटीच्या पाण्याने धूत आणि वाट बघत. एक सक्त ताकीद त्यांनी घरात दिली होती. "त्याच्या तोंडाला माझ्याबिगार कोणी हात लावायचा नाय." एके दिवशी सकाळी कापड्याच्या कुणाचा तरी बैल बघायला त्यांना जावे लागले. घरी मी आणि आत्या. मी ओटीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. हौशा अंगणातल्या बैलगाडीखाली बसून मधूनमधून कण्हत होता. आत्या दोनतीनदा त्याच्याकडे जाऊन आली, हे मी पाहिले होते. पण पुस्तक वाचताना माणूस जसे पाहतो, तसे पाहिले होते.

घटकाभराने हौशा उठला, तो निराळाच. त्याच्या तोंडातून काळपट लाळेची तार लोंबत होती. पाय एकमेकांत अडकत होते. तो चार पावले चालला, ओकला, आणि परत पडला. वाडीतल्या एका बाईने ते पाहिले आणि हाक दिली. बघता बघता पंधरावीस माणसे अंगणाबाहेर जमली. पाटील आले. त्यांनी लांबूनच हौशाकडे बघितले आणि मग माझ्याकडे बघितले.

"तू कालेजात शिकतोस. काय रे, पिसाळला काय हा?"

मला आयुष्यात पहिल्यांदा पाटलांनी काही विचारले होते. मी आठवू लागलो. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात एक पान होते. मी म्हणालो, "पुस्तकात लिहिले आहे, की लाळ गळते."

"गळतेय," पाटील म्हणाले.

"पाय लटपटतात."

"लटपटतात."

"खात नाही."

"आठ दिस खाल्लं नाय त्यानं, मी बघितलंय," कुणीतरी मागून म्हणाले.

"मग... तसे असणे शक्य आहे," मी म्हणालो. शक्य आहे, इतकेच मी म्हणालो. पण पाटलांनी मान हलवली आणि ते बंदूक आणायला घरी गेले.

पाटलांची बंदूक ठासणीची होती, डुकरांसाठी ठेवलेली. ती भरायला इतका वेळ लागतो, की डुक्कर शेत खाऊन, पाणी पिऊन परत जाऊ शकते. त्यांनी ती आमच्या कुंपणाला टेकवून उभी केली. नळीत दारू ओतली, काथ्या कोंबला, छर्रे टाकले, गज घेऊन ठासू लागले. एकजण सांगत होता, "जास्ती झाली, पाटील." दुसरा सांगत होता, "कमी हाय." आत्या दारात आली, पदर तोंडाशी धरून उभी राहिली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. तिचे ओठ हलत होते. मला वाटले, ती रडते आहे. मी तिला धीर द्यावा म्हणून म्हणालो, "आत्या, याला उपाय नसतो, पुस्तकात..." तिने माझ्याकडे असे बघितले, की मी पुढचे बोललो नाही.

इतक्यात पायवाटेने छत्री दिसली. आतोबा उन्हाचे चालत आले होते. गर्दी बघून त्यांनी पाऊल उचलले.

"पुढं येऊ नका, आतोबा," पाटील गज थांबवून म्हणाले. "तुमचा हौशा पिसाळलाय."

"कोण म्हणतो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तुमचा भाचा म्हणतो," पाटील म्हणाले. "पुस्तकात हाय म्हणे."

आतोबांनी छत्री मिटली. "तोंड बघितलंस त्याचं?"

"नाही, आतोबा. पण लक्षणे..."

"तोंड बघितलंस काय, येवढंच विचारतोय."

"नाही."

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि ते गाडीकडे निघाले. पाटलांनी त्यांचा दंड धरला. "आतोबा, खुळे झालात काय? ह्यो चावा निराळा. मुंबईला नेऊन पोटात सुया घेतल्या तरी माणूस वाचंल असं नाय."

"ठाऊक हाय मला," आतोबा म्हणाले. त्यांनी पाटलांची पकड सोडवली, उकिडवे बसले आणि बोटाला चिंधी गुंडाळू लागले. हौशाने त्यांना बघून शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

"अवो!" आत्या दारातून ओरडली. "थांबा! मिसरी हाय ती!"

आतोबांनी वळून पाहिले. "कसली मिसरी?"

"दात घासायची. दुसरी कसली असतेय? हिरडी दुखतेय म्हणून मी लावली त्याला. माझी दाढ दुखते तवा मला बरं वाटतं, म्हणलं त्यालाबी वाटंल. त्यानं मेल्यानं चाटून सगळी गिळली."

इथे मला थोडा खुलासा करायला हवा. भाजलेल्या तंबाखूची मिसरी आमच्याकडच्या बायका रोज सकाळी लावतात, त्यात नवल नाही. पण दोन वर्षांपूर्वी आत्याचे दात हलू लागले, तेव्हा आतोबांनी तिला गावदेवीपुढे उभे करून, मिसरीला पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. ती गोष्ट साऱ्या वाडीला ठाऊक होती. आतोबा ती अभिमानाने सांगत.

"तुझी मिसरी?" आतोबा म्हणाले. "तू सोडलीस ना गो?"

"सोडली व्हती."

"किती दिस?"

आत्याने पदर डोक्यावर सारखा केला. "देवळातनं घरी येयपर्यंत."

गर्दीतली एक म्हातारी फिसकन हसली आणि तिने स्वतःचेच तोंड दाबले. आतोबा मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे आत्याला विचारू लागले, जसे एखादा वैद्य दुसऱ्या वैद्याला विचारतो.

"किती लावलीस?"

"दोन बोटं. तीन म्हणा."

"कुठं?"

"डावीकडं, वर. मागच्या दाढंपाशी."

"जागा बरोबर हाय," आतोबा म्हणाले. मग त्यांनी वाकून हौशाच्या तोंडाला नाक लावले, वास घेतला आणि डोळे मिटले. "मिसरीच हाय," ते म्हणाले. "पाणी आणा."

आत्याने पातेले भरून आणले. हौशाने ते लपालपा पिऊन संपवले आणि आणखी मागितले. ते बघताना मला आठवले, की पुस्तकाच्या त्याच पानावर, खालच्या ओळीत पाण्याविषयीही लिहिलेले होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही, असे. मी तिथवर आठवलेच नव्हते. वाटीभर पाणी पुढे ठेवून बघावे, इतकेही मला सुचले नव्हते.

आता प्रश्न राहिला पाटलांच्या बंदुकीचा. ठासणीची बंदूक एकदा भरली की ती उडवल्याखेरीज रिकामी होत नाही. पाटील ती हातात धरून अवघडल्यासारखे उभे होते. शेवटी सगळ्यांनी सांगितल्यावरून त्यांनी परसातल्या फणसाच्या दिशेने ती उडवली. दारू खरोखरच जास्त झाली होती. पाटील मागे बसले आणि एक तयार फणस खाली आला. सगळ्यांनी त्याचे गरे खाल्ले. पाटील गरा चावताना जरा थबकले, तेव्हा आतोबांनी लगेच विचारले, "कुठची दाढ?"

संध्याकाळपर्यंत हौशा ताळ्यावर आला. आणखी चार दिवसांनी सूज उतरली आणि आतोबांनी सोनाराचा चिमटा मागून आणून ती दाढ काढली. आत्याला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या मंगळवारी नारळ घेऊन ते एकटेच गावदेवीला गेले. मी बरोबर येऊ का, असे विचारल्यावर म्हणाले, "नको. बायकोचं काम हाय." मग पायरीवर थांबून म्हणाले, "देवीला सांगणार हाय, की तिनं शपथ मोडली ती मोडली. पण चारचौघांत कबूल झाली, ती मुक्या जनावरापायी. आता त्या शपथेतनं तिला मोकळी कर." आत्या आता ओटीवर बसून उघडपणे मिसरी लावते. आतोबा तिकडे पाठ करून बसतात.

मी मात्र फार दिवस बेचैन होतो. पुण्यास परतण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "आतोबा, माझे चुकले. माझ्यामुळे हौशा मेला असता." ते नांगराला तेल देत होते. "तू खोटं नाय बोललास," ते म्हणाले. "पुस्तकंबी खोटी नसतील. तू बघितलं नाय, येवढंच." ते रागाने बोलले असते तर मला सोपे गेले असते.

ह्याला आता तीन वर्षे झाली. गेल्या दिवाळीत मी गेलो, तेव्हा आतोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रियेला ते तयार नाहीत. तरी वाटेवरच्या कुत्र्यांची तोंडे उघडणे चालूच आहे. बोटांनीच चाचपतात आणि सांगतात. बैल बघायला मात्र त्यांना आता कुणी नेत नाही. हौशाही म्हातारा झाला होता. मी पोचलो त्या दुपारी आतोबा अंगणात त्याला जवळ घेऊन बसले होते. माझी चाहूल लागताच ते म्हणाले, "बरं झालं आलास. इकडं ये. हौशाचं तोंड बघ."

मी म्हणालो, "मी?"

"बोटाला गाठ लागतेय. पण रंग काय बोटाला कळत नाय. तू बघ नि सांग."

मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. त्यांनी माझा हात धरून अंगठा सुळ्याच्या मागे कसा ठेवायचा ते दाखवले. हौशाने आपण होऊन तोंड उघडले, जसे त्याला आयुष्यभराची सवय होती. आतून ऊन, दुर्गंधी वाफ आली. मी उन्हाकडे त्याचे डोके वळवले. आत्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि ती माझ्याकडे बघून मान हळूच हलवत होती. सांगू नकोस, असे ती म्हणत होती. मलाही तेच वाटत होते. बरे आहे, असे म्हणायला काय लागते? त्यांना दिसणार नव्हते.

मी पुष्कळ वेळ बघितले. मग सांगितले. डावीकडे, जिथली दाढ काढली होती तिच्या मागे, सुपारीएवढी गाठ आहे. काळपट तांबडी आहे. तिच्यातून रक्त येते. बाकीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत.

"टाळूकडं गेलीय?"

"हो."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितले, आतोबा."

हौशाने तोंड मिटले आणि डोके त्यांच्या मांडीवर टेकले. आतोबांनी त्याच्या कानामागे खाजवले. मग आत्याच्या बाजूला तोंड करून म्हणाले, "गो, आजपास्नं त्याची भाकर दुधात कुस्कर. ऊन नको, कोमट." आत्या आत गेली. मी उठू लागलो तर त्यांनी चाचपून माझा हात धरला, खांद्यावरचे फडके घेतले आणि माझी बोटे एकेक करून पुसली. करंगळीपर्यंत, सावकाश.